बुडबुडे

बुकुरूच्या नाक्यावर माझं पंक्चरचं दुकान.
दुकान म्हणजे एक कॉम्प्रेसर, एक मोडकी छत्री,
आणि पाण्यानं भरलेलं, आडवं कापलेलं पिंप.
ट्यूब बुडवायची, पिळत पिळत फिरवायची,
बुडबुडा आला की तिथे बोट ठेवायचं:
इथून जातोय जीव.

आज रविवार नाही, तरी दुकान बंद.
ल्योपच्या शाळेत उद्या साठ मुलांसाठी
पफ-पफ न्यायचेत,
आणि आईचा उजवा हात
जूनपासून तिच्या मांडीवर पडून आहे,
कुणीतरी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा.

तेवीस वर्षं ती त्याच शाळेच्या फाटकाशी
कढई घेऊन बसली.
माझी फी, माझे बूट, कॉम्प्रेसरचा पहिला हप्ता,
सगळं तेलातून निघालं.
मी मात्र कधी पिठात हात घातला नाही.
खाल्ले तेवढे.

"मैदा ओत." अर्ध्या तोंडानं बोलते ती,
शब्द एका बाजूनं सांडतात.
"साखर. अजून. अजून. अरे, बस! लग्न आहे का?"
जायफळ किसताना माझं नखही किसलं गेलं.
यीस्ट कोमट पाण्यात.
"कोमट म्हणजे किती?"
ती डाव्या हाताचं बोट बुडवते
आणि काहीच बोलत नाही.
म्हणजे बरोबर.

पण जानेवारीतलं हे पठार, आणि वर हरमॅटन.
दाराच्या फटीतून वाळवंट आत येतं,
ओठ तडकतात, चमच्यावरही धूळ.
तास झाला, दीड तास झाला,
पीठ रुसून बसलेलं.
त्यात वीज गेली.

"तुझा कोट आण."
"दुकानातला? ग्रीसचा?"
"दुसरा आहे का तुझ्याकडे?"

पातेलं कोटात गुंडाळलं, बाह्यांची गाठ मारली,
आणि ल्योप त्याला पाठ टेकून
मेणबत्तीच्या उजेडात पाढे लिहीत बसली.
मध्येच म्हणाली, "बाबा, हे श्वास घेतंय."

झाकण काढलं.
बुडबुडे!
सगळ्या अंगभर, बारीक, फुटत, पुन्हा येत.
माझं बोट आपोआप पुढे गेलं, गळती शोधायला.
"हात काढ," आई म्हणाली,
"इथे काही फाटलेलं नाही."

पहिला घाणा:
एकाला शेपूट, एकाला दोन कान,
एक तर चक्क बेडूक.
ल्योप हसून लोळली.
आई कपाळाला हात लावायला गेली,
उजवा उठला नाही, मग डावा लावला.
"मूठ आवळ. अंगठ्यावरून सोड.
ट्यूब पिळतोस ना? तस्सं."

तस्सं.
गोळा सुटला, तळाशी गेला,
वर आला,
आणि कुणी न सांगता कुशीवर वळला.
मग पुढचा. मग त्याच्यापुढचा.
कढईत सोनेरी गर्दी, एकमेकांना ढकलणारी,
माझा हात कोपरापर्यंत चिकट,
आणि आई ओठांतल्या ओठांत मोजतेय,
आकडे तिचे कधीच सांडत नाहीत.

एकोणसाठ गोल भरले.
साठाव्याच्या जागी बेडूक गेला असता,
पण तो आईनं उचलला होता.
बराच वेळ चावत राहिली.
"मीठ विसरलास," म्हणाली,
आणि शेपटीवाल्याकडे हात नेला.

कोटाला अजून आंबूस वास येतो.
गिऱ्हाईक नाक फेंदारतं,
"सकाळी सकाळी बिअर, दावू?"
मी ट्यूब पाण्यात बुडवतो.
"घरचीच आहे," म्हणतो.