दोन ते तीन

चर्चच्या व्हरांड्यात खिळ्याला टांगलेला कागद:
पहिल्या शुक्रवारची रात्र-आराधना,
तासातासाला एक नाव,
कुणी कानडीत लिहिलेलं, कुणी मराठीत,
कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी इंग्रजीत.
दोन ते तीन: रेमेद बारदेस्कर.

जानेवारीत तिला आम्ही पुरलं.
आता नोव्हेंबर.
दर महिन्याला कागद नवा, नाव तेच.
फादरांनी जुन्यावरून उतरवून काढलं असेल
किंवा खोडायला हात धजला नसेल.
मी विचारलं नाही.
दहा महिने तो तास रिकामा गेला, म्हणजे
एक ते दोनवाली फिलोमेनबाय
कंबर धरून तशीच पुढं बसून राहिली.
खानापूरच्या बाजारात वांगी निवडता निवडता
तिनंच सांगितलं काल. तक्रार म्हणून नव्हे.

म्हणून आलोय.
कानाला मफलर, हातात बॅटरी,
कणकुंबीच्या अंगाची अस्वलं हल्ली सिमेटरीपर्यंत येतात,
आणि खिशात तिची जपमाळ,
जिचे दोन मणी भांडणात मीच तोडलेले.

मला प्रार्थना येत नाहीत. येतात त्या
लहानपणी पाठ झालेल्या, अर्ध्या कोंकणी,
मधेच डुलकी लागणाऱ्या.
ती म्हणायची, काही म्हणू नका की ओ,
नुसतं बसायचं. तो बघतो, आपण बघायचं.
मी हसायचो.
तासभर? पिठाच्या चकतीकडं?

पण बसलो, आणि ओळखीचं वाटलं.

एकतीस वर्षं मी कौलांच्या भट्टीवर होतो.
रात्रपाळीला तसं काही करायचं नसतं.
दार विटामातीनं लिंपून टाकलेलं,
मधे एक भोक, बशीएवढंसुद्धा नाही,
त्यातून बघायचं.
आत कौलं दिसत नाहीत. फक्त रंग.
लाल असला तर वेळ आहे,
नारिंगी झाला की लाकूड आवरतं घ्यायचं,
आणि पहाटेकडं तो पांढुरका होतो
तेव्हा पोरगं असो की मुकादम,
कुणी बोलायचं नाही.
बोललं म्हणून काही फुटत नाही.
तरी नाही बोलायचं.

वेदीवर कुस्तोदीचे सोनेरी किरण,
मधे काच, काचेत तो पांढरा गोल.
एवढंच भोक.
आत काय भाजतंय ते दिसत नाही.

रेमेद, तू इथं माझंच काम करत होतीस
आणि मी तिथं तुझं,
एकाच रात्री, दोन फर्लांगांवर,
आणि सकाळी चहा पिताना आपण
गॅसच्या नंबरावरून भांडायचो.

अडीचला लोंड्याकडं मालगाडी गेली.
बाक थरथरला, तांबड्या दिव्याची ज्योत नाही.
मी पुढं वाकून बघितलं.
रंग तोच.

तीनला रायप्पा यायचा,
बैलहोंगलचा पोरगा, इथल्या डेपोत कंडक्टर.
सव्वातीन झाले. पायाला मुंग्या.
पाळी बदलायला माणूस आला नाही
तर भोक सोडून उठायचं नसतं,
एवढं मला कुणी शिकवावं लागत नाही.

साडेतीनला आला, धापा टाकत,
शर्टाची बटणं खालीवर लागलेली,
कानडीत भराभर काही म्हणाला,
त्यातलं पंक्चर तेवढं कळलं.
मी मराठीत म्हटलं, असू दे, बस.
ह्याच दोन भाषांवरून दिवसा
बोर्डांना डांबर फासतात लोक.
तो गुडघ्यांवर टेकला, खूण केली,
आणि पुढच्या बाकावर कपाळ ठेवून
बघता बघता घोरायला लागला.

मग मी पुन्हा बसलो.

चारला बाहेर आलो.
खिळ्याला दोरीनं पेन बांधलेलं.
दोन ते तीन. खोडलं नाही काही.
तिच्या नावापुढं, मुकादम हजेरीबुकात करायचा तशी,
बारीक खूण करायला गेलो.
पेन चाललं नाही.
नखानं केली.