तिसरा हप्ता

सोहारच्या प्रयोगशाळेत
बशीर मुकादम, मूळ हर्णैचे, वय त्रेपन्न, क्रेनचालक,
पडद्यावरचा ठिपका हलला की बटण दाबतात.
चारशे दहा मिलिसेकंद.
मंत्रालयाला हाच आकडा हवाय,
अनुदानाचा तिसरा हप्ता त्यावर अडलाय.

एकोणिसाव्या खेपेला बोट तसंच अधांतरी.
“मॅडम, खाली माणूस असला
तर मी आधी बघतो, मग दाबतो.
ह्या ठिपक्याखाली कोण आहे?”

मी कागद चाळते.
उद्दिष्टं, यंत्रं, प्रवासखर्च,
सहभागींना माणशी दोन रियाल, लबनची बाटली.
ह्या प्रश्नाला रकाना नाही.

खिडकीबाहेर बंदरावर
कुणीतरी एक कंटेनर
केव्हाचा हवेत तोलून धरलाय.

मी लिहिते: चाचणी एकोणीस, प्रतिसाद उशिरा.
मग ‘उशिरा’ खोडते.