धुतलेले असो वा नसो

बुटीबोरीच्या कचेरीत दिवसभर
मी मालाला आकडे शोधून देते.
एका वस्तूला आठ.
पहिले सहा साऱ्या जगाचे,
शेवटचे दोन आपल्या देशाचे,
सामाईक ओसरीमागे
आपली एवढीशी चूल असावी, तसे.

शनिवारी सिंदेवाहीला उतरून गावी आले
तरी सवय सुटत नाही.
फळीवर तेंदूचे पुडे उन्हात मांडलेले,
सत्तर पानांचा एक.
इस्तारी काठीनं मोजत चाललाय
आणि माझ्या तोंडात : एक चार शून्य चार.
प्रकरण चौदावे. वनस्पतीजन्य पदार्थ,
ज्यांचा उल्लेख इतरत्र झालेला नाही.

वाघाला ऐकू जावं म्हणून
मोठमोठ्यानं भांडत रानात शिरणाऱ्या बाया,
त्यांचाही नाही.

दुपारी केसवाला आला.
सायकलला फुगे, मागे भांड्यांचं गाठोडं.
आईनं कोनाड्यातून पिशवी काढली,
आठ महिन्यांचं विंचरण,
बोटाभोवती गुंडाळून ठेवलेल्या गुटल्या.
काट्यावर साठ ग्रॅम.
शून्य पाच शून्य एक, मी म्हटलं.
मानवी केस, प्रक्रिया न केलेले,
धुतलेले असो वा नसो.

"असो वा नसो कसं?" आई तडकली.
"मी रिठ्यानं धुतो, त्याचा काईच नाई?"

मग मी तिला शेजारपाजार सांगितला.
लागून डुकराचे राठ केस,
पलीकडे आतडी, मग पिसं.
मधलं एक घर रिकामं :
तिथे घोड्याचे केस राहायचे,
त्यांना मागच्या खोलीत हलवलं
आणि दाराला कुलूप लावलं.
आई पोट धरून हसली.
"डुकराच्या बाजूले! बरं मंग,
भाव तं डुकरापरीस जास्त आहे ना?"

केसवाला हसला नाही. तो निवडत होता.
काळे पिशवीत,
पांढरे बाजूला, उंबऱ्यावर.
मागच्या खेपेला त्यानं निवडले नव्हते.
"यांचं काही येत नाही, पार्बताबाई."
मग घासाघीस झाली,
ताटली मागितली, वाटी मिळाली.
सात तीन दोन तीन.
आपल्या दारातली निर्यात, आपल्या दारातली आयात,
मधे कुठलं बंदर नाही.

उंबऱ्यावरचे पांढरे केस
वाऱ्यानं अंगणात नेले,
बोरीच्या काट्यांना अडकले थोडे.
त्यांचा आकडा मला पाठ आहे.
तेच सहा, साऱ्या जगाचे,
आणि शेवटी दोन शून्य :
केसांचा टाकाऊ भाग.
हे शेवटचे दोन आपले आहेत,
इथेच कुणीतरी बसून ठरवलेले.

आई वाटी कानाशी धरून
टिचकीनं वाजवून पाहत होती.
"काऊन गं, याचा नाई सांगितला नंबर?"
तिनं बोरीकडे बोट दाखवलं.

बघून सांगते, म्हटलं.
पुस्तक नागपूरलाच राहिलं.