पूर्ण उंचीचा फोटो

फॉर्ममध्ये फोटो मागितलाय:
डोक्यापासून पायापर्यंत,
याच महिन्यातला, अंगाबरोबरच्या कपड्यांत.

घरभर शोधलं. एकोणीस वर्षांत मी कुठेच नाही.
अलेडच्या सातव्या वाढदिवसाला केकवर माझी सावली आहे,
टेन्बीच्या वाळूत, फोटोच्या कडेला, माझा अंगठा.
कॅमेरा धरणारीला कोण विचारतं,
म्हणून तर मी तो धरत आले.

शेरिल फोटो मागत नव्हती.
माझ्या करंगळीला लाल रंग लावता लावता म्हणाली,
मागच्या फ्रिजमध्ये आहे, अर्ध्या किमतीत.
दुधाच्या बाटलीआड बिनलेबलाच्या कुप्या.
किती टोचायचं?
ते तुझं तुला कळेल गं.

नेस्टाला कळलं नाही.
स्वान्सीच्या इस्पितळात ती भिंतीकडे तोंड करून पडली होती,
पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं.
डॉक्टरांनी तीनदा विचारलं, नेमकं काय टोचलंत?
माझी थोरली बहीण, बँकेत आयुष्यभर पैसे मोजलेली,
म्हणाली,
निळ्या झाकणाचं.

म्हणून मी बेथन प्रॉसरच्या दुकानात गेले.
आधी सरकारी यादीत तिचा नंबर ताडून पाहिला,
मासळी घेताना कल्ले उघडून बघावेत तसा.
तिनं आतल्या खोलीत नेलं, दार लावलं,
वजन केलं, आकडा मोठ्यानं वाचला नाही.

पित्ताचे खडे? नाही.
स्वादुपिंडाला कधी सूज? नाही.
घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग? नाही.
दिवस राहण्याची शक्यता?
मी हसले, सत्तेचाळीस म्हटलं. ती हसली नाही, लिहिलं.
म्हणाली, सुरुवात सगळ्यांत लहान डोसनं,
आठवड्यातून एकदा, दर वेळी जागा बदलून.
मळमळेल. थोडं थोडं खा, पाणी पीत राहा.
पोटात कळ येऊन पाठीत गेली आणि थांबेचना,
तर वाट बघायची नाही, थेट इस्पितळ.
मी मान डोलवत होते.

जेवून मुद्दाम उलटी, कधी?

खोलीत फ्रिजचा आवाज होता.
मी शाळेत स्वयंपाक करते, तीनशे पोरांना वाढते,
मग उरलेलं कस्टर्ड उभ्यानंच, पातेल्यातून.
ते सांगावं की काय.
पण तिनं उलटीचं विचारलं होतं.
एमलिनला माहीत नाही. आईला कळलं नाही, ती गेली.
बत्तीस वर्षं जे पोटात ठेवलं
ते एका काउंटरमागच्या बाईसमोर ओठांवर आलं:
पंधराव्या वर्षी. दोन हिवाळे. नळ सोडून ठेवायचे.

बेथननं पेन खाली ठेवलं.
आज नाही देत, म्हणाली. नाही म्हणत नाहीये.
आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलू, तुमची हरकत नसेल तर.

वाटेत मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या.
भट्टी थंड झाल्यापासून या गावाला
कुणी ना कुणी थांबा म्हणतंय,
त्यात आता हीसुद्धा.
बसथांब्यावर मला रडू आलं, आणि भूक लागली,
आणि यातलं आधी काय आलं ते सांगता येणार नाही.

डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे.
फ्रिजमध्ये लोण्याशेजारी एक जागा पुसून ठेवलीय,
सिंकखाली सुया टाकायचा पिवळा डबा, कोरा.
फ्रिजमधली जागा कशासाठी, एमलिननं विचारलं,
आणि मी सांगितलं, सगळंच.
तो बराच वेळ बशी पुसत राहिला.
मग म्हणाला, चल, फोटो काढू.

परसात, भिंतीपाशी.
मागे सरक, म्हणाला. अजून. पाय येत नाहीत.
अजून थोडी.
आता आलीस.

आले आहे. सगळी.
फक्त हातातला कलथा ठेवायचा राहिला.