तिवराचं पान

ऐरोलीच्या खाडीवर पोरांना सांगते,
चाटून बघा, पान खारट लागतं.
झाड आतलं मीठ बाहेर काढतं,
उतारानं नव्हे, चढानं,
साखर जाळून.

बाबा मिठागरात असेच चढायचे.
डोक्यावर टोपली, पायाखाली डगडगती फळी,
खेपेमागे एक पितळी बिल्ला.

आपल्या पेशीच्या दाराशीही
तीन सोडियम बाहेर,
दोन पोटॅशियम आत,
एक एटीपी खर्च.
आपण झोपलो तरी खेपा चालूच.

बाबा गेले त्या पहाटे
बामाआत्या एवढंच म्हणाली, "निवला गो."
खरंय.
आतबाहेर मीठ सारखं होत गेलं असणार,
हळूहळू, फुकट.

कंदिलामागच्या डब्यात
न वटवलेले सात बिल्ले सापडले.
अजून माझ्याकडेच आहेत.