मागची ओळ

वडगावात, चार पॉवरलूमच्या डोक्यावर माझा स्टुडिओ.
भिंतींना गाद्या, गाद्यांना जुनी लुगडी,
तरी खटक-खटक फरशीतून वर येतंच.
म्हणून रेकॉर्डिंग दुपारी एक ते दोन,
माग जेवायला बसतात तेव्हा.

द्रौपदा हलगेकर जांबोटीच्या बसनं आली.
हेडफोन उलटा घातला, डावा उजवीकडं.
मी बदलला नाही.
बसलिंगनं पेटीवर काळी चार धरली.

तिच्या आवाजावर मी टेप चढवली.
टेप म्हणजे टेप नव्हे. पडद्यावर
दोन चकत्या फिरतात, ते फिरण्याचं चित्र.
आतलं गणित, खरी टेप काय करायची
ते आठवून आठवून करतं:
थोडी सूं, थोडं डगमगणं,
वरच्या सुरांच्या कडा अंगठ्यानं पुसल्यासारख्या.
आणि आठवायला वेळ लागतो.
सेहेचाळीस मिलिसेकंद.
माझ्या जुन्या संगणकाचे आणखी तितकेच.

खडेबाजारात मामाच्या दुकानी खरं यंत्र होतं.
त्यातही लिहिणारं डोकं आणि वाचणारं डोकं
यांच्यात दोन बोटांचं अंतर.
मी बोटं लावून मोजलंय, मार खाल्लाय.
फीत तेवढी सरकेपर्यंत
बोललेलं नुसतं बोललेलं असायचं.
पण तो उशीर दिसायचा तरी. तपकिरी होता.

पहिल्या कडव्यातच ठेका सांडला.
ओळ संपली की द्रौपदा थांबे,
बसलिंग पुढं जाई, परत येई,
शेवटी पेटीवर हात ठेवून म्हणाला, तडी, तडी.
म्हणजे थांब जरा. कुणाला म्हणाला कोण जाणे.

चूक माझी. मी प्लगइन बंद केला.
काचेतून सांगितलं, आता ठीक होईल, मावशी.

अर्धी ओळ म्हणून तिनं हेडफोन काढला.
"ती कुठं गेली?"
कोण?
"मागनं म्हणूलालती ती."

तीस वर्षं फेराच्या गाण्यात
पुढची ओळ थोरल्या जावेची, मागची हिची.
औंदा थोरली लेकाकडं हुबळीला,
म्हणून ही पुढं. आणि मागं कुणी नाही.
आज पहिल्यांदाच कानात कुणीतरी
तिची ओळ उचलत होतं, जरा उशिरा,
जशी ती स्वतः उचलायची.

मिक्सिंगला हा उशीर राहत नाही.
संगणक भरून काढतो म्हणतात. तसं नाही ते.
तो बाकी सगळ्यांना तेवढं थांबवून ठेवतो,
पेटीला, टाळांना, बसलिंगच्या खोकल्यालाही.
पंगतीत शेवटचा माणूस हात धुऊन येईपर्यंत
कुणी घास उचलत नाही, तसं.
मग उशीर कुणाचा होता ते उरत नाही.
पण गाणाऱ्याला गाताना कोण थांबवणार?
तिचा घास तोंडात गेलेला असतो.

वीजबिलाच्या खिडकीत मला कन्नडमध्ये नाव विचारतात.
माझं नाव तेच आहे, दोन्हीकडं तेच,
तरी ओठांवर यायला
काहीतरी मिलिसेकंद लागतात.
खिडकीतला वाट बघतो. चांगला माणूस आहे.

मी टेप पुन्हा चालू केली, फक्त तिच्या कानात.
बसलिंगला बोटानं खुणावलं: तिच्या मागनं चल.
द्रौपदा म्हणाली. ओळ संपली की
मान किंचित मागं वळवायची,
फुगडीत हात द्यावा तशी,
मग पुढची.

दोनला दहा कमी असताना गाणं संपलं
आणि खाली कुणीतरी लवकर जेवून उठलं.
शेवटच्या सुराला मागाची एक खटक लागली आहे.
ती काढता येते.

फाईल तिच्या नातवाच्या फोनवर पाठवली.
त्यात मागची बाई नाही, नुसत्या जागा आहेत.
ऐकणाऱ्याला वाटेल,
म्हातारीला दम लागतो.