काही घडलं नाही

तोम्स्क. उणे अडतीस.
शेवटची ट्राम डेपोत गेल्याशिवाय
आमचं काम सुरूच होत नसे.
ती रुळांवरून गेली की दोन मजले वर
लेसरचा आरसा शहारायचा,
केसाच्या हजाराव्या भागाइतका,
आणि तेवढ्यात सूर सुटायचा.

लिदिया विकेन्त्येव्हना म्हणायची,
ताकद कुणीही काढेल.
नळीत वायू भर, वीज सोड, वीट फोडून दाखव.
पण ताकद आली की ताप येतो,
ताप आला की धातू फुगतो,
दोन आरशांतलं अंतर ढळतं,
आणि अंतर ढळलं की प्रकाश शब्द फिरवतो.
म्हणून तिनं इन्वारचे दांडे मागवले,
थंडी-ऊन फारसं मनावर न घेणारे.
तीन आले, तीन महिन्यांनी. त्यातला एक वाकडा.

इल्गिझनं काच फुंकून आणखी एक नळी केली,
करंगळीएवढी.
आत तोच वायू, आपण श्वासातून टाकतो तो,
अगदी विरळ. ना वीज, ना घाई.
मोठी नळी गरजते
आणि क्षणोक्षणी या धाकटीला विचारते:
मी कुठं आहे?
उत्तर आलं की आरशामागची सिरॅमिकची चकती
त्याला हलकेच ढकलते. पुढं. मागं. पुढं.

तरी रोज रात्री अडीचला
कागदावरची रेघ डावीकडं कलायची.
आम्ही पंप उघडला. ट्रान्सफॉर्मर बदलला.
इल्गिझ स्वतःच्या जोडांवर संशय घेऊन
दोन दिवस नीट जेवला नाही.
लिदियानं सोळा पानं गणित केलं,
सतराव्यावर नुसतं प्रश्नचिन्ह.
शेवटी मी दार उघडून पाहिलं.
जिन्यात पहारेकरीण अग्राफेना
झरोका उघडून गल्लीतल्या मांजराला
माशाचं डोकं टाकत होती.
बोटभर गारठा जिना चढून
दाराखालून आत येत होता.

मी ओरडणारच होतो.
लिदियानं बाही धरून मागं ओढलं.
दुसऱ्या दिवशी आपले नमद्याचे बूट
तिनं उसवले, फटीत ठोकले,
उरलेला नमदा दांड्यांना गुंडाळला.
मांजराला मासा मिळत राहिला.

नऊ मार्चची पहाट. नोंदवही माझ्याकडं.
चार तास कागद सरकला, रेघ सरळ.
इतकी, की पेन अडकलं समजून
मी टिचकी मारून पाहिली.
शेवटच्या रकान्यात लिहिलं:
पूर्ण ताकद. काही घडलं नाही.
लिदियानं दोनदा वाचलं,
सही केली,
आणि विचारलं,
दुकानात बूट आलेत का रे?